भिंतीपलीकडच्या शेंगा



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकावर आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो पाठ असेल. यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सगळ्या दोषांतून सुटतात, आणि जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते पापच खातात, असा त्याचा साधारण अर्थ. मी कॉलेजात असताना हा श्लोक पाठ केला. पुण्यात नोकरीला आल्यावर डबा उघडण्याआधी म्हणायची सवय लावून घेतली. (रोज जमत नाही. मीटिंग चालू असताना जेवते तेव्हा तर अजिबात जमत नाही.) पण त्यातल्या 'उरलेलं' या शब्दापाशी मी कधी थांबलेच नव्हते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी पालमला, आमच्या घरामागच्या परसात माझ्या हातून एक गोष्ट घडली. तेव्हापासून दरवेळी त्या शब्दापाशी अडखळते.

पालम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वरच्या अंगाला गोदावरी, जिला आमच्याकडे सगळे 'गंगा'च म्हणतात. जनाबाईंचं गंगाखेड अगदी जवळ. आमचं घर गावातच आहे, पण मागे थोडी जागा मोकळी आहे, आणि त्या जागेत आजीचा शब्द चालतो. दोडका, कारलं, भेंडी, चवळी, अंबाडी, कोपऱ्यात शेवगा, न्हाणीच्या पाण्यावर अळू. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, त्यातल्या सात-आठ तरी परसातूनच निघतात, आणि आजी त्या दिवशी हे तीनदा तरी सांगते.

पण तेव्हाचं परस आणि अश्विन सरतानाचं परस यांत फार फरक. पाऊस गेलेला असतो, ऊन पुन्हा चटका द्यायला लागलेलं असतं. दोडक्याची पानं कडेने वाळतात. भेंडी माणसापेक्षा उंच होते आणि वर दोनच निबर भेंड्या. अंबाडीला फुलं लागून बोंडं धरतात. गवत गुडघ्याएवढं. अशा वेळी मी ट्रॅव्हल्सने रात्रभर धक्के खात घरी पोचले. दहा दिवस घरून काम, मग दिवाळी, मग परत.

आता माझी तयारी ऐका. पुण्यात माझ्या बाल्कनीत नऊ कुंड्या आहेत आणि मोबाइलवर बागकामाचे सत्तर-ऐंशी व्हिडिओ सेव्ह केलेले. त्यातले निम्मे अमेरिकेतले. ऑक्टोबर आला की तिकडे सगळे एकच काम करतात: उरलेलं सगळं तोडून आणायचं, वेल उपटायचे, वाफे झाडून झाकायचे. तिकडे ते बरोबरच आहे. पुढे कडाक्याची थंडी पडणार, रात्रीत सगळं जळून जाणार. (आताशा तिकडचेही काही जण पाखरांसाठी वाळलेली बोंडं तशीच राहू द्या म्हणतात, पण ते व्हिडिओ मी सेव्ह केले नव्हते.) पालमला कसली आलीय ती थंडी? आमच्याकडे कार्तिक म्हणजे दुसऱ्या पेरणीचे दिवस. शेतात ज्वारी, हरभरा, परसात मेथी, पालक, कोथिंबीर. पण मला त्या मोकळ्या, झाडलेल्या वाफ्यांची भुरळ पडली होती. शिवाय डोक्यात भक्तीचाही एक विचार होताच. आपण सगळे सावता माळ्यांचं नाव घेतो. अरणच्या मळ्यात काम करत राहिलेला माणूस, पंढरीला गेला नाही. अजूनही अरणची पालखी पंढरपूरला जात नाही, पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी त्यांच्याकडे येते. मला वाटलं, आपणही दोन दिवस हातात खुरपं धरू, तीच पूजा.

पहिल्या दिवशी काढणी केली. खरंच सांगते, त्या सकाळइतकं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. घमेलंभर भाजी निघाली. कारली, चवळीच्या शेंगा, अंबाडीची बोंडं, पानांखाली लपून पिवळी पडलेली एक मोठी काकडी. मी फोटो काढला, देवासमोर ठेवला, मग स्टेटसला टाकला. क्रम बरोबर होता असं तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी साफसफाई. आई पोस्टात गेली होती, आजी माजघरात पडली होती. भेंडी उपटली. ते योग्यच होतं, कारण चार झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या. त्याला केवडा म्हणतात. पांढरी माशी तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, त्यामुळे असं झाड ठेवण्यात दया नाही. (आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने या रोगाला दाद न देणारी भेंडी काढली, 'परभणी क्रांती'. नेहमीची भेंडी आणि तिची एक रानटी बहीण यांच्या संकरातून. १९७२ साली उभ्या राहिलेल्या त्या विद्यापीठाचं नाव देशभरच्या माळ्यांच्या तोंडी बसलं ते बऱ्याच अंशी या भेंडीमुळे. आमच्या परसात मात्र आजीची घरची जुनीच भेंडी.) मग दोडक्याचा वेल खाली ओढला. त्याच्यावर अगदी उंच तीन दोडके वाळून खडखडीत झाले होते आणि एकाच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. चिंधी वाऱ्याने येऊन अडकली असेल म्हणून मी ती सोडून फेकून दिली.

शेवटी कुंपणाच्या भिंतीवरचा वाल. हा वेल दाट, हिरवागार, सगळी भिंत झाकून पलीकडे गल्लीत लोंबत होता. पण शेंग एकही नाही. नुसती पानं, आणि कुठेकुठे जांभळ्या फुलांचे तुरे दिसायला लागलेले. मला वाटलं, आख्खा पावसाळा गेला आणि याने काही दिलं नाही, म्हणजे हा वांझच. बुडातून कापला. आतून ओढला, मग गल्लीत जाऊन बाहेरूनही काठीने ओढून काढला. गल्लीही झाडली. सगळा पाला एका कोपऱ्यात रचला आणि संध्याकाळी पेटवून दिला.

आजी धुराच्या वासाने उठून बाहेर आली. ओरडली नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "आगं, वालाला कार्तिकात शेंगा येतात."

नंतर वाचून कळलं की ती अगदी बरोबर होती. गावरान वाल दिवस लहान होत जातात तसा फुलतो. श्रावणात तो पानंच वाढवतो, शेंगा धरतात थंडीत, आणि मग माघापर्यंत देत राहतो. मी त्याला ज्या आठवड्यात वांझ ठरवलं, त्याच आठवड्यात तो सुरू होणार होता.

मग चिंध्या. ते तीन दोडके बियाण्यासाठी राखलेले होते. वालाचं तर बीही घरात नव्हतं, कारण तो तीन वर्षांचा वेल होता, एकाच बुडावर दरसाल फुटायचा, आजीला बी ठेवायची गरजच पडली नव्हती.

इथवर ही माझ्या अडाणीपणाची गोष्ट आहे. अशा चुका होतात, पुढच्या वर्षी सुधारतात. पण आजी एवढ्यावर थांबली नाही. तिने विचारलं, "बाहेरचा बी तोडलास?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बाहेरचा आपला नव्हता."

भिंतीचा हा नियम मला या वयापर्यंत ठाऊक नव्हता. भिंतीच्या आत लोंबेल ते घरचं, बाहेर लोंबेल ते गल्लीचं. आजी बाहेरच्या बाजूची एकही शेंग तोडत नसे, आणि आईलाही तोडू देत नसे. गल्लीच्या टोकाला एक मामी राहतात (नात्याच्या नाहीत, सगळे मामीच म्हणतात). त्यांचा मुलगा आणि सून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. दोन नातवंडं मामींपाशी. मामी दिवसाआड सकाळी लवकर यायच्या, भिंतीबाहेरून ओंजळभर शेंगा, आधी दोडके, तोडून पदरात घ्यायच्या आणि जायच्या. कधी दार वाजवलं नाही. कधी 'घेऊ का' विचारलं नाही. आजीही त्या वेळी मुद्दाम परसात जात नसे.

आणि वर्षही कुठलं? २०२५. सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली ती तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. उभं सोयाबीन पाण्यात. एरवी मळणी झाल्यावर शेतात शेंगा, दाणे पडलेले असतात, ते वेचायला बाया जातात. त्याला आमच्याकडे सरवा म्हणतात. सरवा वेचणं. कापसाचा सरवा, भुईमुगाचा सरवा, ज्वारीच्या सुटलेल्या कणसांचा सरवा. मालकाने एकदा पीक उचललं की मागे राहिलेलं वेचायला कुणी अडवत नसे. पण ज्या वर्षी मालकालाच पीक नाही, त्या वर्षी सरवा कुठून येणार? त्या वर्षी मामींच्या वाट्याला आमची भिंत होती. ती मी झाडून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्रश करत खिडकीत उभी होते. मामी आल्या. मोकळ्या भिंतीकडे बघत मिनिटभर थांबल्या. कापलेल्या बुडाकडे पाहिलं. पदर सारखा केला आणि आल्या तशा गेल्या.

मला फार वाईट वाटलं, आणि मी शहरातल्या माणसाला सुचतं तेच केलं. बाजारात गेले, दोन किलो भाजी घेतली, बटाटे, कांदे, वर साखर आणि चहापत्ती, आणि आईला घेऊन मामींच्या घरी गेले. मामींनी पिशवी लगेच घेतली नाही. आईकडे बघून म्हणाल्या, "बाई, आमी काय मागायला आलो व्हतो का?" आवाजात राग नव्हता. आई म्हणाली, "मामी, पोरीनं आणलंय हौसेनं, दिवाळी हाय." तेव्हा घेतली. दोन दिवसांनी त्यांची नात आमच्याकडे एक वाटी देऊन गेली. तेलाची चकचकीत तर्री आलेली अंबाडीच्या बोंडांची चटणी, आणि वर चार करंज्या. म्हणजे पिशवी फिटली.

मामींच्या घरी त्या दिवसांत करंज्यांचं सामान कुठून आलं असेल, हा विचार मला आजही टोचतो. मी 'मदत' करून एका बाईला खर्चात पाडलं होतं.

आता श्लोकाकडे येते. गीता तिसऱ्या अध्यायात म्हणते की देवांनी दिलेलं त्यांना न देता जो एकटाच भोगतो तो चोर. पुढच्याच श्लोकात 'उरलेलं' येतं. आपण सगळे या जागी पटकन दानावर उडी मारतो. दे, वाटून खा, अन्नदान कर. मीही तेच केलं होतं. पण मामींनी शेंगा घेतल्या तेव्हा कुणी दिल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांना परत काही द्यावं लागलं नव्हतं. मी पिशवी दिली तेव्हा देणारी उभी राहिली, आणि देणारी उभी राहिली की समोर घेणारीला उभं राहावं लागतं. सतराव्या अध्यायात भगवान सात्त्विक दानाचं लक्षण सांगतात की ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला, योग्य देशी योग्य काळी, द्यायचं म्हणून द्यावं. मला हे लक्षण नेहमी देणाऱ्याच्या बाजूने पुरेसं वाटायचं. मी परतफेडीची अपेक्षा ठेवली नव्हती हो, अजिबात नाही. पण मामींनी ठेवली. त्यांच्या मनात कर्ज झालं, त्याचं मी काय करू? माझं मन निर्मळ होतं हे त्यांना करंज्या तळताना काय कामाचं?

भागवताच्या सातव्या स्कंधात, अकराव्या अध्यायात, नारद युधिष्ठिराला उपजीविकेच्या रीती सांगतात. तिथली नावं मला पहिल्यांदा वाचली तेव्हा विचित्र वाटली होती. शेतात, बाजारात पडलेले दाणे, कणसं वेचून जगणं म्हणजे उंछ आणि शिल, त्याला म्हटलंय 'ऋत'. न मागता मिळालेलं ते 'अमृत'. रोज मागून आणलेलं ते 'मृत'. आणि शेती? 'प्रमृत', म्हणजे मेल्याहून मेलेलं. नांगराखाली जीव मरतात म्हणून, असं जुने लोक समजावतात. बघा ना, आपल्या मनातली उतरंड पूर्ण उलटी आहे. आपल्याला मालक वर दिसतो, मग दान घेणारा, आणि तळाला वेचणारा. इथे वेचणाराच सगळ्यांत वर, सत्याच्या नावाने. वैशेषिक दर्शनाच्या कणादांचं नावही परंपरा असंच समजावते, वेचलेले कण खाणारा.

पण इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ही रीत ग्रंथात सांगितली आहे ती ब्राह्मणाच्या उपजीविकेसंदर्भात, आणि आपल्या शिवारात सरवा वेचणाऱ्या बाया कोण होत्या हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एकच कृती ग्रंथात तप आणि बांधावर लाचारी, हे मला खटकतं. सरव्याचं मी फार गोड चित्र काढतेय असंही तुम्हाला वाटेल. ज्याच्याकडे जमीन नाही त्याने दुसऱ्याच्या मागे राहिलेलं वेचावं, ही काही न्यायाची व्यवस्था नव्हे. मजुरी चोख मिळाली पाहिजे, रेशन वेळेवर मिळालं पाहिजे, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांची शाळा सुटता कामा नये. भिंतीवरचा वाल यातलं काहीच भरून काढत नाही. माझ्या एका मैत्रिणीने हे सगळं ऐकून स्पष्ट विचारलं, "म्हणजे गरजू कोण ते शोधून नीट द्यायचं सोडून भिंतीवर वेल सोडायचा आणि पुण्य मिळालं म्हणायचं?" तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. वेल कुणाला पोचतो याचा हिशोब नसतो. त्या शेंगा एखादा दुचाकीवाला सहज तोडून नेईल. आणि सगळं मागे सोडणं चांगलंच असतं असंही नाही. कापसाची फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं, म्हणून वेळेत पऱ्हाट्या उपटा असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. माझी केवडा पडलेली भेंडीही तशीच.

तरी भिंतीत काहीतरी आहे, जे पिशवीत नाही. दुसऱ्यांच्या धर्मातही लोकांना ते दिसलं होतं. बायबलच्या जुन्या करारात नियमच आहे की कापणी करताना शेताचे कोपरे सोडा, पडलेलं उचलायला परत फिरू नका, ते गरिबांचं आणि परक्यांचं. आणि इंग्लंडमध्ये खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली वेचणी १७८८ साली न्यायालयात गेली तेव्हा निकाल लागला की सरवा वेचण्याचा कायदेशीर हक्क कुणालाच नाही, मालकाची मेहरबानी असेल तर वेचा. हा निकाल मला फार लक्षात राहिला. त्या दिवसापासून तेच दाणे कायद्याच्या नजरेत दान झाले. हक्काचं होतं ते उपकाराचं झालं. मी दोन दिवसांत परसात जे केलं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं. भिंतीवरून काढून पिशवीत भरलं.

महाभारतातली मुंगसाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. आश्वमेधिक पर्वाच्या शेवटी येते. युधिष्ठिराचा अश्वमेध संपतो, सगळीकडे वाहवा चाललेली असते, तेवढ्यात अर्धं अंग सोन्याचं असलेलं एक मुंगूस बिळातून बाहेर येतं आणि म्हणतं, हा यज्ञ त्या कुरुक्षेत्रातल्या ब्राह्मणाच्या मापभर सातूच्या पिठाचीही बरोबरी करत नाही. तो ब्राह्मण उंछवृत्तीने जगणारा. दुष्काळ. बायको, मुलगा, सून. कसेबसे वेचून आणलेल्या जवांचं पीठ चौघांनी वाटून घेतलं, तेवढ्यात पाहुणा आला. एकेकाने आपापला वाटा त्याच्यापुढे ठेवला. पाहुणा म्हणजे स्वतः धर्म होता. त्या जागी सांडलेल्या पिठात मुंगूस लोळलं आणि अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेलं अर्धं सोन्याचं व्हावं म्हणून ते यज्ञायज्ञांतून फिरत होतं.

आपण ही गोष्ट त्या चौघांची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. गेल्या वर्षापासून मात्र मला दुसरंच दिसतं. ते जव कुणाच्या तरी शेतातले होते. दुष्काळाच्या वर्षी, जेव्हा दाणा न दाणा मोजून उचलावासा वाटतो, तेव्हा कुणीतरी शेत खरडून झाडलं नव्हतं. काही कणसं तशीच राहिली होती. मुद्दाम की आळसाने, व्यासांनी सांगितलेलं नाही. त्या शेतकऱ्याचं नाव गोष्टीत नाही. मुंगूस त्याच्याकडे गेलंच नाही. पाहुणा त्याच्या दारात आला नाही, विमान त्याच्यासाठी उतरलं नाही. तो गोष्टीच्या बाहेर आहे, आणि गोष्ट त्याच्या पडलेल्या दाण्यांवर उभी आहे. आजी मामींच्या वेळेला परसात जायची नाही, ती अशीच बाहेर राहायची का? तिला मी हे विचारलं. ती म्हणाली, "मी समोर गेले तर तिला बोलावं लागन ना काहीतरी." बस, एवढंच. तिच्या डोक्यात गीताही नव्हती आणि मुंगूसही नव्हतं.

म्हणून तेराव्या श्लोकातलं 'उरलेलं' मी हल्ली दोन अंगांनी वाचते. यज्ञातून उरलेलं आपण खायचं, हे एक. इथे उरलेलं आपलं आहे, आधीचं दुसऱ्याचं. आपली नेहमीची सवय याच्या उलट असते. आपण आधी पोट भरतो आणि उरलेलं 'देतो', शिळं झालेलं, लहान झालेले कपडे, स्क्रीन फुटलेला फोन. दुसरं अंग असं की शेतातही काही उरू द्यायचं. सगळं काढायचं नाही. हातात ताकद आहे, वेळ आहे, खुरपं धारदार आहे, तरी शेवटच्या दोडक्यापर्यंत हात न्यायचा नाही. हे मला देण्यापेक्षा अवघड जातं. देताना निदान मी देते. इथे नुसतं थांबायचं, आणि परस थोडं अस्ताव्यस्त दिसू द्यायचं. स्टेटसला टाकण्यासारखं त्यात काही नाही.

आपल्या शहरातल्या घरांत याचं काय करायचं, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर मला नीट उत्तर सापडलेलं नाही. माझ्या बाल्कनीची कड चौथ्या मजल्यावर आहे, तिथे शेंग लोंबली तरी कुणाचा हात पोचणार? सोसायटीच्या गेटजवळ एक सार्वजनिक फ्रिज ठेवावा का, यावर मीटिंगमध्ये तासभर चर्चा झाली आणि 'गैरवापर होईल' या मुद्द्यावर विषय मिटला. तुमच्यापैकी कुणी असं काही केलं असेल, जिथे देणारा दिसत नाही आणि घेणाऱ्याला मागावं लागत नाही, तर मला जरूर लिहा.

परसाचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. ती सगळी थंडी भिंत मोकळीच होती. आईने खाली मेथी केली, छान आली, पण मेथी भिंतीपलीकडे जात नाही. यंदा मृग लागला तेव्हा आईचा फोन आला. म्हणाली, आजी सकाळी उठून, पांढरं लुगडं नेसून, काठी टेकत गल्लीच्या टोकाला गेली होती. मी घाबरले, म्हटलं काय झालं? आई हसायला लागली. आजी मामींच्या दारात उभी राहिली होती आणि वालाचं बी मागत होती. मामींनी मागच्या वर्षांतल्या निबर शेंगा वाळवून ठेवल्या होत्या, आमच्याच वेलाच्या, बाहेरच्या अंगाच्या. त्यांनी मूठभर बी कागदात बांधून दिलं. आई म्हणाली, आपण त्यांना दोन नारळ तरी पाठवू का? आजीने साफ नाही म्हणून सांगितलं. "मागून आणलंय. राहू दे अंगावर."

आठ बिया लावल्या, सहा उगवल्या. आई व्हिडिओ कॉलवर दाखवते. वेल आता भिंतीच्या डोक्यावर चढलाय आणि दोन-तीन फांद्या पलीकडे वाकल्यात. फुलाचा पहिला तुरा परवा दिसला. शेंगांना अजून वेळ आहे. मी यंदा दिवाळीला जाईन तेव्हा आजीने मला फक्त गवत काढायला सांगितलंय, तेही ती पायरीवर बसलेली असताना.

राम कृष्ण हरी.